पोटी धान्य, कुशीत तोफ

२८ मार्च २०१४ रोजी सकाळी आग्र्याहून उडालेले भारतीय हवाई दलाचे एक सुपर हर्क्युलिस मालवाहू विमान ग्वाल्हेर विमानतळाच्या पश्चिमेस सुमारे ११५ किलोमीटर अंतरावर, चंबळच्या खोऱ्यात कोसळले आणि आतील पाचही जण मृत्युमुखी पडले. विमान जुनाट नव्हते. अमेरिकेकडून घेतलेल्या सहा विमानांपैकी ते एक होते आणि ती विमाने हवाई दलात दाखल होऊन अवघी तीन वर्षे झाली होती. दोन विमाने जमिनीलगत, एकामागोमाग उडण्याचा सराव करीत होती. पुढच्या विमानाच्या पंखांमागे हवेचे जे भोवरे उठतात, त्यांत मागचे विमान सापडले आणि जमीन इतकी जवळ होती की सावरण्यास वाव उरला नाही, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला.

मालवाहू विमानाने इतक्या खालून का उडावे, असा प्रश्न साध्या माणसाला पडेल. त्याचे उत्तर असे की, शत्रूच्या रडारला चुकवून, काळोखात, डोंगरांच्या आडोशाने जाऊन माणसे आणि सामान पोहोचविणे हेच या विमानाचे काम आहे. ते काम करता यावे म्हणून त्या पाच जणांनी प्राण वेचले. हा अपघात आज आम्ही आठवतो तो एका सूचनेच्या निमित्ताने. आपल्याकडे एवढी मोठी मालवाहू विमाने आहेत, अमेरिकेने याच जातीच्या विमानांवर तोफा चढवून त्यांचे भयंकर अस्त्र केले, मग आपणही तसे का करू नये, असे युद्धविषयक चर्चेत अधूनमधून उत्साहाने विचारले जाते. सूचना आकर्षक आहे. पण तिचा इतिहास तपासल्यावाचून तिला मान डोलावणे शहाणपणाचे नाही. आणि हा इतिहास तपासताना पुन्हा ग्वाल्हेरलाच यावे लागते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ग्वाल्हेर हे नाव मराठी माणसाला परके नाही. महादजी शिंद्यांच्या घराण्याची ही राजधानी. झाशीच्या राणीने १८५८ साली देह ठेवला तो इथेच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ज्या गायकीचे रोप महाराष्ट्रात आणून लावले, ती गायकीही इथलीच. परंतु गेल्या चार दशकांत या शहराला आणखी एक ओळख लाभली आहे. शहराजवळच्या महाराजपूर येथील हवाई तळावर १९८५ पासून मिराज-२००० ही लढाऊ विमाने आहेत. या मिराजांचा आणि मालवाहू विमानांवर तोफा बसविण्याच्या कल्पनेचा संबंध काय, ते पुढे येईलच. आधी ती कल्पना कोठून निघाली ते पाहू.

इंग्रजीत अशा विमानाला ‘गनशिप’ म्हणतात, म्हणजे तोफांचे जहाज. समुद्रकाठच्या आमच्या वाचकांना हे नाव चटकन उमगेल. आंग्र्यांच्या आरमारातील गुराबांवर नाळेकडे तोफा असत, तशाच त्यांच्या कडांनाही असत. शत्रूला कूस दाखवून कडेच्या तोफांची सरबत्ती करावयाची, ही जुन्या दर्यावर्दी लढाईची रीत होती. लढाऊ विमानाची रीत याहून वेगळी. त्याची शस्त्रे नाकाच्या दिशेने रोखलेली. ते लक्ष्यावर झेपावते, काही क्षण मारा करते आणि पुढे निघून जाते. पुन्हा मारा करावयाचा तर वळून, लक्ष्य पुन्हा शोधून यावे लागते. रात्रीच्या अंधारात वेढलेल्या एखाद्या छोट्या ठाण्याला या क्षणभराच्या मदतीचा फारसा उपयोग होत नाही. त्याला हवा असतो तासन् तास डोक्यावर थांबणारा रक्षक.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकनांना नेमकी हीच अडचण आली. तिच्यावरचा उपाय मात्र फार पूर्वी सुचलेला होता. गिल्मोर मॅक्डोनाल्ड नावाच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच तो मांडला होता. कोणी मनावर घेतला नव्हता. पुढे राल्फ फ्लेक्समन या अभियंत्याने तो पुन्हा उचलला. त्यांच्यासमोर एक उदाहरण होते. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात, जिथे उतरायला जागा नाही अशा वस्तीवर, एक ख्रिस्ती मिशनरी आपल्या लहान विमानातून लांब दोरीने बादली खाली सोडी आणि विमान वर्तुळात फिरवीत ठेवी. विमान गरगरत राही. पण दोरीच्या टोकाची बादली त्या वर्तुळाच्या मध्यावर जवळजवळ स्थिर होई. लोक तिच्यातून टपाल आणि लागेल ते सामान काढून घेत. दोरीने बादली एका जागी राहते, तर त्याच रेषेत सोडलेली गोळीही त्याच जागी जाईल, हा त्यापुढचा विचार. औषधे पोहोचविण्याची युक्ती होती तिची मारण्याची युक्ती झाली. शस्त्रांच्या इतिहासात असे पुष्कळदा घडले आहे.

रॉन टेरी नावाच्या कॅप्टनने या युक्तीचा पाठपुरावा केला आणि डिसेंबर १९६४ मध्ये व्हिएतनाममध्ये ती प्रत्यक्ष युद्धात उतरली. त्यासाठी नवे विमान बांधले नाही. १९३५ साली प्रथम उडालेले, जगभर सामान आणि प्रवासी वाहून थकलेले डाकोटा विमान घेतले, त्याच्या डाव्या बाजूच्या खिडक्यांत आणि दरवाजात तीन मिनीगन बसविल्या. यातील प्रत्येक बंदूक मिनिटाला सहा हजारांपर्यंत गोळ्या झाडू शके. वैमानिक डाव्या आसनावर बसतो. म्हणून बंदुका डावीकडे. त्याने आपल्या डाव्या खिडकीतून लक्ष्य नजरेत धरावयाचे, विमान डावीकडे कलवून त्याच्याभोवती फेऱ्या घालावयाच्या आणि बटण दाबावयाचे. देवळात आपण देवाला उजवी घालून प्रदक्षिणा करतो. हे विमान लक्ष्याला डावी घालून फिरते. प्रदक्षिणेच्या उलट फिरणाऱ्या या फेऱ्या कशासाठी असतात, हे वेगळे सांगावयास नको.

प्रयोग यशस्वी झाला. डाकोटामागून अधिक मोठी विमाने आली आणि १९६७ मध्ये हर्क्युलिसचा क्रम लागला. १९५४ साली प्रथम आकाशात गेलेले हे चार इंजिनांचे विमान मुळात सैनिक, गाड्या आणि रसद वाहण्यासाठी बांधलेले. त्याचे पोट मोठे, ते दीर्घकाळ हवेत राहू शके, आणि इंधनानंतरही पुष्कळ वजन पेलण्याची त्याची ताकद होती. या तिन्ही गुणांमुळे ते तोफांच्या कामीही योग्य ठरले. अंधारात पाहणारी यंत्रे, वीस आणि चाळीस मिलिमीटरच्या तोफा आणि अखेर १९७० नंतरच्या वर्षांत १०५ मिलिमीटरची पायदळी हॉवित्झरच त्याच्या कुशीत बसविण्यात आली. ग्वाल्हेरजवळ कोसळलेले आपले विमान याच कुळातले होते, फक्त त्याच्या कुशीत तोफ नव्हती.

या विषयात आपण भारतीय कोरे होतो असे मात्र कोणी समजू नये. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात आपल्याकडे बॉम्बफेकी विमाने जवळपास नव्हतीच. पूंछचा वेढा मोडावयाचा होता. एअर कमोडोर मेहरसिंग यांच्या नेतृत्वाखाली डाकोटा विमानांनी त्या चिंचोळ्या खोऱ्यात उतरून दारूगोळा, धान्य आणि तोफा पोहोचविल्या, परतताना निर्वासितांना बाहेर काढले, आणि प्रसंग पडला तेव्हा याच डाकोटांच्या दरवाजातून बॉम्ब लोटण्यात आले. २४ मे १९४८ रोजी मेहरसिंगांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर पहिले डाकोटा उतरविले. १९६५ च्या युद्धात पाकिस्ताननेही आपल्या हर्क्युलिस विमानांतून बॉम्ब टाकले होते.

१९७१ मध्ये हीच कल्पना अधिक पद्धतशीरपणे राबविली गेली. विंग कमांडर विद्याभूषण वशिष्ठ यांच्या अधिपत्याखालील ४४ व्या स्क्वाड्रनने आपली अन्तोनोव्ह-१२ ही अवजड मालवाहू विमाने बॉम्बफेकीसाठी सिद्ध केली. विमानाच्या मागच्या दारातून सामान घसरवावे तसे बॉम्ब घसरवावयाचे, अशी ती व्यवस्था. युद्ध पेटले त्याच रात्री या विमानांनी लाहोरच्या दक्षिणेकडील छांगा मांगाच्या अरण्यात दडविलेल्या दारूगोळ्याच्या साठ्यांवर हल्ला केला. वशिष्ठांना महावीर चक्र मिळाले.

पूर्वेकडची कथा तर अधिकच हृद्य आहे. २८ सप्टेंबर १९७१ रोजी नागालँडमधील दिमापूर येथे बांगलादेशाच्या हवाई दलाचा पाया घातला गेला, तो तीन विमानांवर. एक डाकोटा, जे जोधपूरच्या महाराजांकडून आलेले; एक ऑटर, जे मूळचे अरण्यप्रदेशात सामान नेणारे; आणि एक अलूएत हेलिकॉप्टर. आपल्या तंत्रज्ञांनी ऑटरच्या पंखांखाली रॉकेटे बसविली आणि आतून हातांनी ढकलावयाचे छोटे बॉम्ब दिले. हेलिकॉप्टरला रॉकेटे आणि बंदुका जोडल्या. ३ डिसेंबरच्या रात्री ऑटरने चितगावच्या आणि हेलिकॉप्टरने नारायणगंजच्या तेलसाठ्यांवर हल्ला केला. डाकोटाला मात्र बॉम्बफेकीचे काम करता आले नाही. ते वाहतुकीसाठीच वापरले गेले. हाताशी जे आहे त्यावर भागवून लढण्याचा असा प्रसंग कोणत्याही राष्ट्राला भूषणावह आहे.

मग या जुळवाजुळवीचेच कायम धोरण का करू नये? याचे उत्तर आपल्याला १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या शिखरांवर मिळाले आणि ते फार महागात पडले. २६ मे रोजी हवाई हल्ले सुरू झाले. २७ मे रोजी आपली दोन लढाऊ विमाने गेली. २८ मे रोजी रॉकेटे बसविलेली एमआय-१७ हेलिकॉप्टरे तोलोलिंगच्या परिसरातील शत्रूच्या मोर्च्यांवर धाडण्यात आली. एमआय-१७ हे मूळचे सैनिक आणि सामान वाहणारे हेलिकॉप्टर, म्हणजे हवेतला हमालच. त्याच्या अंगावर शस्त्रे चढविली म्हणून त्याची गती वाढली नव्हती की कातडी जाड झाली नव्हती. खांद्यावरून डागलेल्या एका स्टिंगर क्षेपणास्त्राने त्यांपैकी एक हेलिकॉप्टर पाडले. उष्णतेचा माग काढणाऱ्या अशा क्षेपणास्त्राला चकविणारे जळते फटाके सोडण्याची सोय त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट राजकिशोर साहू आणि सार्जंट पी.व्ही.एन.आर. प्रसाद हे चौघे वीर त्यात कामी आले.

त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरे या कामातून काढून घेण्यात आली आणि हल्ल्याचा भार ग्वाल्हेरच्या मिराजांवर आला. येथे ग्वाल्हेरचा खरा संबंध येतो. मिराज प्रामुख्याने हवाई संरक्षणासाठी घेतलेली. डोंगरमाथ्यावरच्या चिमुकल्या बंकरांवर अचूक मारा करण्याची पूर्ण सिद्धता त्यांच्यापाशी नव्हती. हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस यांच्या कारकिर्दीतील त्या आठवड्यांत अधिकारी आणि तंत्रज्ञ यांनी लेसर किरणांनी लक्ष्य दाखविणारी यंत्रणा विमानांना जोडली, हजार पौंडी बॉम्ब तिच्याशी जुळविले, चाचण्या घेतल्या. १७ जून रोजी मुंथो धालो येथील शत्रूचा रसदतळ उद्ध्वस्त झाला. २४ जून रोजी टायगर हिलवरील ठाण्यावर लेसरच्या रेषेने नेलेला बॉम्ब पडला. विमान उंचावर, क्षेपणास्त्राच्या टप्प्याबाहेर. आणि मारा तरीही अचूक. जुळवाजुळव दोन्हीकडे होती. एका ठिकाणी तिने चार प्राण घेतले आणि दुसऱ्या ठिकाणी युद्धाचे पारडे फिरविण्यास हातभार लावला. फरक कोठे पडला? संथ यंत्राला शत्रूच्या पंजाजवळ नेण्यात आणि समर्थ यंत्राला त्या पंजापासून दूर ठेवून त्याची नजर तीक्ष्ण करण्यात जो फरक आहे, तोच.

अमेरिकेचा अनुभवही याहून निराळा नाही. ३१ जानेवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील खाफजीच्या लढाईत एक हर्क्युलिस गनशिप खाली लढणाऱ्या आपल्या सैनिकांना सोडून जाण्यास कचरले. पहाट झाली, अंधाराचे पांघरूण गेले आणि इराकी क्षेपणास्त्राने ते टिपले. आतील १४ जण मरण पावले. डोक्यावर घिरट्या घालणारे विमान ही जमिनीवरच्या मित्राला जितकी दिलाशाची गोष्ट, तितकीच शत्रूला सोपी शिकार असते. ज्याच्यापाशी क्षेपणास्त्रे नाहीत, विमाने नाहीत, अशाच शत्रूविरुद्ध हे अस्त्र निर्धास्तपणे वापरता येते. आपल्या पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या शेजाऱ्यांची स्थिती तशी आहे काय? नाही, हे शाळकरी मुलगाही सांगेल.

म्हणजे मग हे अस्त्र घेतल्यास वापरावयाचे कोणाविरुद्ध? या प्रश्नापाशी आल्यावर मनात चर्र होते. ज्यांच्यापाशी विमानवेधी शस्त्रे नाहीत असे लोक सीमेपलीकडे नसून बहुधा सीमेच्या अलीकडेच असतात. ५ मार्च १९६६ रोजी मिझो बंडाच्या वेळी ऐजोलवर आपल्याच हवाई दलाने हल्ला केला. सरकारी ठाणी वेढली गेली होती, हे खरे. पण गाव आपले होते आणि माणसेही आपलीच होती. मिझोरामच्या मनातून तो दिवस अद्याप गेलेला नाही. पुढे १९८६ मध्ये जो शांतता करार झाला, तो वाटाघाटींनी झाला, विमानांनी नव्हे. आणि अचूकतेची ग्वाही देणाऱ्यांनी ३ ऑक्टोबर २०१५ ची रात्र आठवावी. अफगाणिस्तानातील कुंदूझ येथे एका अमेरिकन गनशिपने वैद्यकीय सेवाभावी संस्थेच्या रुग्णालयाभोवती फेऱ्या घालीत त्यावर मारा केला. ४२ माणसे मेली. रुग्ण, डॉक्टर, परिचारक. जगातील उत्तमोत्तम दुर्बिणी त्या विमानावर होत्या. तरीही कोणते घर शत्रूचे आणि कोणते आजाऱ्यांचे, हे आतल्या माणसांना ओळखता आले नाही. मानवी चूक, असे नंतर सांगण्यात आले. मानवी चूक होणारच. म्हणूनच तिच्या हाती किती मोठी तोफ द्यावयाची, याचा विचार आधी करावा लागतो.

शांततेच्या कामाच्या विमानाचे युद्धाच्या विमानात रूपांतर करणे मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणे गोव्यात बसून तर शोभणारच नाही. दाबोळीच्या तळावरून १९७७ ते २०२३ अशी ४६ वर्षे जी इल्युशिन-३८ विमाने अरबी समुद्रावर पहारा देत होती, त्यांचा जन्म इल्युशिन-१८ या प्रवासी विमानातूनच झाला होता. या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी दिवशी, १ ऑक्टोबर २००२ रोजी, त्यांपैकी दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन आतील १२ नौसैनिक आणि खालचे काही नागरिक दगावले, ते दृश्य वास्को परिसरातील जुने लोक विसरलेले नाहीत. आज दाबोळीवर असलेली पी-८आय ही टेहळणी विमानेही बोइंग-७३७ या प्रवासी विमानाचीच युद्धातली भावंडे होत. पण येथे विमानाच्या मूळ गुणांचाच उपयोग झाला आहे. दूरवर जावे, दीर्घकाळ राहावे, पुष्कळ यंत्रे आणि माणसे वाहावीत, विस्तीर्ण समुद्रावर नजर ठेवावी, हे त्या देहाला साजणारे काम आहे. शत्रूच्या बंदुकीच्या टप्प्यात जाऊन फेऱ्या मारणे हे त्याला साजणारे नाही.

आपल्या हर्क्युलिस विमानांनी गेल्या काही वर्षांत काय केले, ते पाहा. जून २०१३ च्या उत्तराखंडातील प्रलयात धरासूच्या आखूड धावपट्टीवर उतरून त्यांनी बचावकार्यातील हेलिकॉप्टरांसाठी इंधन पोहोचविले. त्याच वर्षी २० ऑगस्टला लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे, १६,६१४ फुटांवर, ते उतरले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये यादवी माजली असता दिवे नसलेल्या धावपट्टीवर अंधारात उतरून १२१ भारतीयांना त्यांनी सोडविले. दौलत बेग ओल्डीला उतरलेले एक विमान तोफ नसतानाही शत्रूला जो इशारा देते, तो पुरेसा बोलका असतो. सीमेवरचा जवान उपाशी राहणार नाही आणि एकटा पडणार नाही, हा तो इशारा.

या खात्याची खरी निकड वेगळीच आहे. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेले अन्तोनोव्ह-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरात नाहीसे झाले. ३ जून २०१९ रोजी त्याच जातीचे दुसरे विमान अरुणाचलच्या डोंगरांत १३ जणांना घेऊन कोसळले. जुन्या मालवाहू ताफ्याच्या नूतनीकरणाचा एक भाग म्हणून ५६ सी-२९५ विमानांचा करार २०२१ मध्ये झाला आणि त्यांतील ४० विमाने वडोदऱ्यास बांधावयाची आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. पैसा खर्चावयाचा तो येथे खर्चावा. प्रत्येक मालवाहू विमानाला आणि हेलिकॉप्टरला क्षेपणास्त्रापासून बचावाची साधने असलीच पाहिजेत. जमिनीलगत उडण्याच्या सरावासाठी वैमानिकांना पुरेसे तास आणि चांगली सराव-यंत्रे मिळाली पाहिजेत. तोलोलिंग आणि चंबळ या दोन ठिकाणांनी शिकविलेले हे धडे आहेत, आणि त्यांची फी नऊ माणसांनी भरलेली आहे.

उद्या राष्ट्रावर तसाच प्रसंग ओढवला, तर मेहरसिंगांचे आणि वशिष्ठांचे वारसदार पुन्हा डाकोटाच्या दारातून बॉम्ब लोटावे तसे काहीतरी करतील, यात आम्हांला शंका नाही. ती आपत्कालाची युक्ती आहे आणि तिला आमचा प्रणाम आहे. परंतु आपद्धर्म हा नित्यधर्म होऊ शकत नाही. ग्वाल्हेरच्या मिराजांनी मारावयाचे काम करावे आणि ग्वाल्हेरजवळ ज्याने प्राण गमावले त्या विमानाच्या भावंडांनी पोहोचविण्याचे. त्या अरण्यातील बादली आजही दोरीच्या टोकाला स्थिर राहू शकते. तिच्यात औषध ठेवावयाचे की आग, हे मात्र वर बसलेल्याने ठरवावयाचे असते. भारताने आजवर तिच्यात औषध ठेवले. तेच पुढेही ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.